लाईट आली, वायफायही आलं, नेट मात्र निम्म्या फोनवरच: एका परतणाऱ्या बिघाडाचा माग

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी एक बिघाड दोन महिने मुक्कामाला होता. लाईट जाऊन परत आली की सगळ्यांच्या फोनवर वायफायच्या कमानी भरलेल्या दिसायच्या, पण नेट मिळायचं निम्म्यांनाच. बाकीच्यांच्या फोनवर कमानीशेजारी ते छोटं उद्गारचिन्ह. तासाभराने आणखी दोघांचं बंद. मग कोणीतरी सगळं बंद करून परत चालू करायचं. कधी त्याने काम व्हायचं, कधी नाही. गोव्यातल्या आमच्या डिचोली तालुक्यात जून ते सप्टेंबर लाईट किती वेळा जाते ते इथल्या माणसाला सांगायला नको. आठवड्यातून तीन-चार वेळा हाच खेळ.

कारण शेवटी सापडलं, आणि ते इतकं छोटं निघालं की दोन महिने वाया गेल्याचं अजून वाईट वाटतं. पण ते ज्या रीतीने सापडलं ती रीत मला कारणापेक्षा मोलाची वाटते, म्हणून सविस्तर लिहितो. एक कनेक्शन घेऊन ते राउटिंग सॉफ्टवेअरवरून, म्हणजे एकच लाइन अनेक मशीनना वाटून देणाऱ्या प्रोग्रामवरून, घरभर वाटणाऱ्या कोणालाही हे लागू पडेल.

आधी मांडणी. आमचं घर चिऱ्यांचं, मध्ये राजांगण, एका छपराखाली तीन चुली. शिवाय अंगणापलीकडे धाकट्या काकांचं नवं घर. चौघांनी चार कनेक्शनं घेण्यापेक्षा एकच शंभर एमबीपीएसचं फायबर घेतलं. फायबर येतं ते कंपनीच्या डब्यात. तिथून केबल जाते माझ्या जुन्या पीसीला. त्यात दुसरं लॅनकार्ड घालून मी ओपनडब्ल्यूआरटी बसवलं आहे. हे २००४ साली सुरू झालेलं मुक्त सॉफ्टवेअर. बाजारात मिळणाऱ्या छोट्या राउटरवर चालावं म्हणून ते लिहिलं गेलं, पण साध्या पीसीवरही उत्तम चालतं. पीसीच्या एका पोर्टवर (वॅन) बाहेरचं जग, दुसऱ्यावर (लॅन, म्हणजे घरातलं जाळं) आठ पोर्टांचा स्विच, आणि स्विचवरून प्रत्येक बिऱ्हाडात एकेक केबल. केबलच्या टोकाला वायफायचा डबा. चार डब्यांपैकी तीन नवे. चौथा, काकांच्या घरचा, जुना वायफाय राउटर आहे. त्याचं राउटरपण काढून त्याला नुसता वायफाय देण्यापुरता ठेवला होता.

त्या ‘ठेवला होता’त सगळी गोम होती.

बिघाड सुरू झाल्यावर पहिला संशय वायफायवर गेला, कारण डोळ्याला तेच दिसतं. चिऱ्याची भिंत दीड हात जाड, पावसात ओली. पाच गिगाहर्ट्झचा सिग्नल एका भिंतीपलीकडेच अशक्त होतो, हे खरं आहे. पण सिग्नल अशक्त असेल तर कमानी कमी दिसतात. इथे त्या भरलेल्या होत्या. वायफाय म्हणजे फोनपासून डब्यापर्यंतचा रस्ता, नेट म्हणजे तिथून पुढचा. हे दोन रस्ते वेगळे आहेत हे घरातल्या प्रत्येकाला एकदा बसवून समजावलं, तर निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

दुसरा संशय कंपनीवर. लाइनमन आला, फायबरची पॉवर मोजली, डब्याचे दिवे पाहिले, सगळं ठीक. ठीकच असणार, कारण त्याच वेळी थोरल्या काकांच्या टीव्हीवर भजनाचा कार्यक्रम न अडकता चालला होता. एकाच्या टीव्हीवर नेट चालतंय आणि दुसऱ्याच्या फोनवर नाही, म्हणजे बाहेरून येणारी लाइन निर्दोष आहे. बिघाड घरातच आहे. ही खूण माझ्या समोर पहिल्या दिवसापासून होती.

तरी दोन महिने का लागले? कारण दर वेळी आम्ही सगळं रिस्टार्ट करत होतो.

ओपनडब्ल्यूआरटी आपला लॉग, म्हणजे काय घडलं याची ओळीओळीने केलेली नोंद, मूळ मांडणीत रॅममध्ये ठेवतं. मशीन बंद झालं की नोंद पुसली जाते. छोट्या राउटरची फ्लॅश मेमरी सतत लिहून झिजू नये म्हणून ही रचना, आणि ती योग्यच आहे. पण त्याचा परिणाम असा, की बिघाड झाल्यावर रिस्टार्ट करणारा माणूस स्वतःच्या हाताने पुरावा पुसतो. नेट आलं तर बरं वाटतं, कारण मात्र जसंच्या तसं शिल्लक राहतं आणि पुढच्या लाईट जाण्याची वाट बघतं.

एका शनिवारी संध्याकाळी लाईट येऊन दहा मिनिटं झाली होती. काकूंनी हाक मारली, “अरे, परत ते उद्गारचिन्ह आलं बघ.” चुलतभाऊ नेहमीप्रमाणे मेन बोर्डाकडे निघाला. त्याला म्हटलं, आज कोणी कशाला हात लावायचा नाही. तासभर नेट नसेल तर नसू दे.

मग काकूंचा फोन घेतला. वायफायच्या नावावर बोट दाबून आतली माहिती उघडली. आमच्या घरातला प्रत्येक पत्ता १९२.१६८.५० ने सुरू होतो, कारण पीसीचा पत्ता मी १९२.१६८.५०.१ ठेवला आहे. काकूंच्या फोनवर होतं १९२.१६८.०.१०४, आणि गेटवेच्या, म्हणजे बाहेर जायच्या दाराच्या, जागी १९२.१६८.०.१. असा गेटवे आमच्या घरात कुठे नाही, निदान मला तरी माहीत नव्हता. टीव्हीला आणि प्रिंटरला मी हाताने पक्के पत्ते दिलेले होते, म्हणून ते दोघे कधीच बंद पडत नव्हते. एवढ्या एका नजरेत निम्मं कोडं सुटलं: फोनना पत्ता कोणीतरी दुसराच वाटत होता.

नंतर लॅपटॉपला हाताने १९२.१६८.५०.९ असा पत्ता घातला, कारण आपोआप मिळणाऱ्या पत्त्यावर आता भरवसा नव्हता. मग ब्राउझरमधून पीसीच्या सेटिंगच्या पानावर गेलो. स्टेटसखाली सिस्टिम लॉग. लाईट आल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांतल्या ओळी वाचत गेलो, आणि एका ओळीवर थांबलो. तिचा अर्थ असा: लॅनवर आधीच एक डीएचसीपी सर्व्हर चालू आढळला, म्हणून सुरू होण्यास नकार.

ही ओळ नीट कळायला पत्ते वाटपाची पद्धत ठाऊक असायला हवी. फोन वायफायला जोडला की तो सगळ्या घराला उद्देशून ओरडतो, “मला कोणी पत्ता देईल का?” त्याला उत्तर देणारा तो डीएचसीपी सर्व्हर. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये हे काम डीएनएसमास्क करतो, सायमन केली यांनी लिहिलेला छोटा आणि भक्कम प्रोग्राम. पत्त्याबरोबर तो आणखी दोन गोष्टी सांगतो: बाहेर जायचं दार कुठलं, आणि साइटच्या नावांचे आकडी पत्ते कोणाला विचारायचे. दोघांनी उत्तर दिलं तर फोन सहसा आधी आलेलं उत्तर धरतो. कोण खरा मालक हे ओळखण्याची सोय त्याच्याकडे नसते. आणि एकदा पत्ता घेतला की लीजची (पत्ता जेवढ्या वेळापुरता मिळतो तिची) निम्मी मुदत उलटल्यावर तो मुदतवाढ मागतो ती थेट त्याच सर्व्हरकडे, सगळ्या घराला न विचारता. म्हणून चुकीच्या दारात गेलेला फोन तिथेच अडकून पडतो.

ओपनडब्ल्यूआरटीने यात एक सभ्यपणा ठेवला आहे. डीएनएसमास्क सुरू होताना ते आधी लॅनवर कानोसा घेतं. दुसरा कोणी पत्ते वाटत असेल, तर भांडण नको म्हणून स्वतः वाटप सुरूच करत नाही, आणि तशी ओळ लॉगमध्ये लिहून ठेवतं. माझ्या जुन्या पीसीला पूर्ण उठायला सव्वा मिनिट लागतं. काकांकडचा जुना राउटर पाऊण मिनिटात उभा राहतो. लाईट आली की दोघांची शर्यत. जुना राउटर आधी पोचला की पीसी गप्प बसायचा. अंगणापलीकडची लाईट जरा उशिरा आली, तर पीसी आधी पोचायचा आणि मग दोघेही पत्ते वाटायचे, ज्याला जो भेटेल तो. ज्या फोनची जुनी लीज शिल्लक असे त्यांतले काही ती संपेपर्यंत चालत आणि मग एकेक करून बाद होत. तासाभराने आणखी दोघांचं बंद का पडतं, सगळं रिस्टार्ट केल्यावर कधी चालतं आणि कधी का नाही, या सगळ्याचं उत्तर एका ओळीत होतं.

आता तो दुसरा कोण? काकूंच्याच फोनच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ टाकलं. काकांकडच्या जुन्या राउटरचं लॉगिन पान उघडलं.

त्याचं पत्ते वाटप मी बसवतानाच बंद केलं होतं. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात तिकडे नेट आलं नाही म्हणून चुलतभावाने टाचणी घालून मागचं रीसेटचं बटण दहा सेकंद दाबलं होतं. त्याने केलं ते चांगल्याच हेतूने. नंतर वायफायला पूर्वीचंच नाव आणि पूर्वीचाच पासवर्डही घातला, त्यामुळे कोणाला काही बदल जाणवला नाही. पण रीसेटने राउटर कारखान्यातून निघाला तसा झाला, आणि कारखान्यातून निघालेला प्रत्येक राउटर स्वतःला घरचा धनी समजून पत्ते वाटतो. रिस्टार्ट आणि रीसेट हे दोन शब्द ऐकायला जवळचे, कामाने फार लांबचे. रिस्टार्ट म्हणजे झोपून उठणं. रीसेट म्हणजे आजवर शिकवलेलं सगळं विसरणं.

उपाय पाच मिनिटांचा. राउटरच्या पानावर डीएचसीपी बंद केलं. त्याला १९२.१६८.५०.२ हा पत्ता दिला, म्हणजे पुढे कधी सापडायला अडचण नको. स्विचकडून येणारी केबल त्याच्या लॅन पोर्टातच आहे ना हे पाहिलं. वॅन पोर्टात घातली असती तर त्याच्या मागे दुसरंच बंदिस्त जाळं तयार झालं असतं, आणि काकांकडच्या फोनवरून आमचा प्रिंटर कधीच दिसला नसता. मग पीसीवरचं डीएनएसमास्क परत सुरू केलं, फोनांचं वायफाय बंद-चालू केलं, आणि सगळ्यांना १९२.१६८.५० चे पत्ते मिळाले. शेवटी जुन्या राउटरच्या पाठीवर, बटणाच्या बरोबर वर, पांढरी पट्टी चिकटवली: ‘हे बटण दाबू नये. आधी विचारावं.’

इथे एक सावधगिरी. त्या लॉगच्या ओळीतच तोडगा सुचवलेला असतो: ‘फोर्स’ हा पर्याय चालू करा, म्हणजे दुसरा असला तरी वाटप सुरू होईल. तो लगेच चालू करू नका. त्याने पीसी गप्प बसायचा थांबेल, पण दुसरा वाटणारा तिथेच राहील आणि फोनांची वाटणी नशिबावर चालेल. आधी दुसऱ्याला शोधून बंद करायचं. पान उघडून तो सापडला नाही तर स्विचवरची एकेक केबल काढत जायचं आणि प्रत्येक वेळी एका फोनचं वायफाय बंद-चालू करून पत्ता बघायचा. ज्या केबलनंतर चुकीचा पत्ता येणं थांबलं, तिच्या टोकाला तो बसलेला असतो.

या प्रसंगानंतर मी एक क्रम ठरवला आहे, आणि तो मोडायचा नाही असं घरात सगळ्यांना सांगितलं आहे. नेट गेलं की आधी ज्याचं गेलं त्या फोनचा पत्ता बघायचा. तो आपल्या घरचा असेल तर गेटवेला पिंग (छोटं पाकीट पाठवून उत्तर येतं का ते बघणं), म्हणजे पीसीपर्यंतचा रस्ता तपासला. तो लागला तर ८.८.८.८ किंवा १.१.१.१ या बाहेरच्या सर्व्हरच्या पत्त्याला पिंग, म्हणजे बाहेरचा रस्ता तपासला. तोही लागला आणि तरी साइट उघडत नसेल, तर नावं शोधण्यात अडचण आहे. पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला तर अर्थ असा की कोणीच पत्ता दिला नाही आणि मशीनने स्वतःच एक तात्पुरता घेतला. हे सगळं करायला तीन मिनिटं लागतात. रिस्टार्टलाही तेवढीच लागतात, फक्त त्यातून काही कळत नाही.

याच क्रमाने नंतर आणखी काही बिघाड पकडले. सगळे परतून परतून येणारे होते.

चवथीचा बिघाड

मूळ घर आमचं, त्यामुळे चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मुंबई-पुण्याचे, वास्कोचे, सावंतवाडीचे सगळे येतात. माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधून होईपर्यंत घरात चाळीसच्या वर माणसं, आणि फोन त्याहून जास्त. दर वर्षी दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुण्यांतल्या काहींना वायफाय लागायचं नाही, आणि पाहुणे गेले की आपोआप ठीक. लॉगमध्ये ओळ होती: पत्ता शिल्लक नाही. ओपनडब्ल्यूआरटी मुळात दीडशे पत्ते वाटतं, लीज बारा तासांची. मी मात्र कधीतरी नीटनेटकेपणाच्या हौसेने पत्ते तीसच ठेवून लीज चोवीस तासांची केली होती. शिवाय आताचे फोन वायफायला आपला खरा मॅक पत्ता, म्हणजे मशीनची कायमची ओळख, दाखवत नाहीत, प्रत्येक वायफायसाठी एक वेगळा तयार करतात. पाहुण्याने नेटवर्क विसरून परत जोडलं, तर काही फोन नवीच ओळख सांगतात आणि दुसरा पत्ता अडवतात. आता वाटप पुन्हा दीडशेचं आणि चवथीचे पाच दिवस लीज दोन तासांची. आरतीच्या वेळी व्हिडिओ कॉलवर असलेल्या दुबईच्या आत्याला यंदा एकदाही ‘दिसत नाही, दिसत नाही’ म्हणावं लागलं नाही.

व्हॉट्सॅप चालतं, बँकेची साइट अडकते

हा बिघाड मी कंपनीचा डबा ब्रिज मोडवर, म्हणजे नुसती लाइन पुढे देण्यापुरता, टाकून घेतल्यानंतर सुरू झाला. आधी तो डबाही राउटर होता आणि त्याच्यामागे माझा पीसीही राउटर, म्हणजे दोनदा नॅट (अनेक मशीनना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवणं). (त्या काळात दोघांनीही १९२.१६८.१.१ हाच पत्ता धरला होता आणि काहीच चालत नव्हतं, कारण ओपनडब्ल्यूआरटीचा मूळ पत्ताही तोच आहे. दोन्ही बाजूंना एकच वाडा दिसला तर पीसीला पत्र कुठल्या दाराने पाठवायचं ते कळत नाही. आपल्या बाजूचा पत्ता बदलला की हे मिटतं. आमचा ५० तिथूनच आला.) ब्रिज मोडमध्ये युजरनेम-पासवर्ड घालून पीपीपीओईने जोडणी पीसीच करतो.

नेटवरची माहिती छोट्या पाकिटांत जाते, आणि पीपीपीओईला प्रत्येक पाकिटावर स्वतःची आठ बाइट लिहावी लागतात. इथरनेटचं पाकीट १५०० बाइटांचं, म्हणून आत जागा उरते १४९२. घरातलं मशीन १५०० चंच पाकीट करत राहिलं आणि ‘मोठं झालं, लहान कर’ हा निरोप वाटेत कोणी अडवला, तर छोटी पाकिटं जातात, मोठी हरवतात. म्हणून मेसेज जातो, पिंगही लागतं, पण एखादी साइट अर्धी उघडून नुसती फिरत राहते. तपासायचं असं: पाकिटाचे तुकडे न करण्याचा पर्याय लावून १४६४ आकाराचा पिंग पाठवायचा, मग १४६५ चा. पहिला जाऊन दुसरा अडला तर हद्द बरोबर १४९२ आहे, कारण पिंगच्या स्वतःच्या मथळ्यांना २८ बाइट लागतात. उपाय म्हणजे फायरवॉलच्या वॅन झोनमध्ये एमएसएस क्लॅम्पिंगची, म्हणजे पाकिटाच्या आकाराला आवर घालण्याची, खूण. ओपनडब्ल्यूआरटीच्या मूळ वॅन झोनला ती असतेच. मी पीपीपीओईसाठी वेगळा झोन केला होता आणि त्यात खूण करायची राहिली होती. ती केली की टीसीपीच्या दोन्ही टोकांना आधीच सांगितलं जातं, १४५२ च्या वर भरू नका.

पीसीचं घड्याळ

हा बिघाड सगळ्यात फसवा. मोठा वेळ लाईट गेली की परत आल्यावर ८.८.८.८ ला पिंग लागायचं पण एकही नाव उघडत नव्हतं. पंधरा-वीस मिनिटांनी किंवा कधी तासाभराने सुटायचं. जुन्या पीसीच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता. लाईट गेली की पीसी तारीख विसरायचा. मी नावं शोधण्यासाठी एन्क्रिप्टेड डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा, सांकेतिक रूपात) लावलं आहे, आणि त्याला समोरच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासावं लागतं. तारीख चुकीची असली की चांगलं प्रमाणपत्रही अजून सुरू न झालेलं वाटतं. तारीख दुरुस्त करायला पीसी वेळेच्या सर्व्हरला विचारतो, पण त्या सर्व्हरचं नाव शोधायला डीएनएस हवं. दोघे एकमेकांच्या दारात उभे. सीआर २०३२ सेल बदलला, आणि शिवाय वेळेच्या सर्व्हरांच्या यादीत नावाऐवजी आकड्यांतला एक पत्ता घातला. सेलबरोबर आणखी एक गोष्ट सुधारली. लाईट आल्यावर पीसीने आपोआप चालू व्हावं ही बायोसमधली सेटिंगही तो दर वेळी विसरत होता, आणि कोणीतरी उठून बटण दाबावं लागायचं.

काही गोष्टी लॉगमध्ये सापडत नाहीत. आमच्या घरापासून काकांच्या घरापर्यंत पोरसातून (परसातून) तांब्याची लॅन केबल नेली होती. मे महिन्याच्या शेवटच्या गडगडाटात दोन वेळा तिच्या दोन्ही टोकांचे पोर्ट जळले, स्विच बाकी धडधाकट. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं, आणि जवळपास वीज पडली की तांब्याच्या तारेवरून झटका आत येतो. आता त्या जागी फायबर आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर लॅन केबलला जोडणारा डबा, आहे. काचेतून झटका येत नाही. गोव्यासारख्या ठिकाणी दोन घरांच्या मध्ये उघड्यावरून तांब्याची लॅन केबल नेऊच नये, असं माझं ठाम मत आहे, कितीही स्वस्त पडली तरी.

एक अडचण मात्र आपल्या हातातली नाही. काकांना बाहेरगावी असताना घरचा कॅमेरा बघायचा होता. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी घरातल्या ठरावीक मशीनकडे वळवणं) दहा वेळा तपासलं, चालेना. पीसीच्या वॅनवर पत्ता होता १००.७८ ने सुरू होणारा. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ साली सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवला गेला. तुमच्या वॅनवर यातला पत्ता दिसला, तर खरा सार्वजनिक पत्ता तुमच्याकडे नाहीच. तो कंपनीच्या नॅटवर आहे आणि अनेक घरं तो वाटून घेतात. तिथे घरातल्या राउटरवर कितीही खटपट केली तरी बाहेरचा माणूस आत येऊ शकत नाही. एकतर कंपनीकडून स्थिर पत्ता विकत घ्यावा, किंवा बाहेरच्या एखाद्या छोट्या भाड्याच्या सर्व्हरपर्यंत घरातूनच वायरगार्ड या व्हीपीएन सॉफ्टवेअरचा बोगदा काढावा. आम्ही दुसरं केलं. ते पुन्हा केव्हातरी वेगळं लिहीन.

शेवटी मूळ दुखण्यावर केलेली एक दुरुस्ती, जी मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. ओपनडब्ल्यूआरटीच्या सिस्टिमच्या पानावर लॉगिंगचा टॅब आहे. तिथे लॉगची फाइल कुठे लिहायची ते देता येतं. पीसीला हार्डडिस्क आहे, म्हणून मी तिथला रस्ता दिला. छोटा राउटर असेल तर त्याच्या फ्लॅशवर लिहू नये, पेनड्राइव्ह लावावा किंवा नोंदी घरातल्या दुसऱ्या मशीनकडे पाठवाव्यात. त्यासाठीचा रकाना त्याच टॅबवर आहे. कंपनीचा डबा, पीसी आणि स्विच तिघांना आता छोटा यूपीएस आहे. लाईट गेल्याची वेळ मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनने लिहून ठेवतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात परतीच्या पावसात रात्री साडेतीन तास लाईट नव्हती. यूपीएसही उतरला. सकाळी उठून लॉगची फाइल उघडली. पाच वाजून बारा मिनिटांनी पीसी उठला, तारीख बरोबर होती, डीएनएसमास्कने वाटप सुरू केलं, आणि पहिला पत्ता गेला काकूंच्या फोनला, १९२.१६८.५०.१०७.